खळबळायचा हौद

शनिवारी दुपारी धाकटा भाऊ हौद घासत होता आणि ताईची इस्त्री एकाच अभ्र्यावर रेंगाळली होती. करपल्याचा वास आला तेव्हा कुठे ती भानावर आली. अभ्र्यावर इस्त्रीच्या टोकाचा पिवळा ठसा उमटला होता. इतक्या वर्षांत तिच्या हातून कापड करपलं नव्हतं. तिने तो अभ्रा घडी करून टेबलाखालच्या टोपलीत सारला आणि पुन्हा हौदाकडे पाहिलं. तिकडे पाहायचं नाही असं ठरवूनही नजर जातच होती, दुखऱ्या दाताकडे जीभ जाते तशी.

कपडे खळबळायचा तो हौद. सिमेंटचा, छातीइतका खोल, एका कडेला उतरायला पायऱ्या. आठवडाभर त्यात चादरी बुडायच्या आणि रविवारी सकाळी माणसं. उद्या ताई उतरणार होती.

लाँड्री तिच्या धाकट्या भावाची. तो ताई म्हणे म्हणून गिऱ्हाइकं, कामाची माणसं, रविवारच्या प्रार्थना-मंडळीतले लोक, सगळेच तिला ताई म्हणत. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली आणि पहिल्याच दिवशी इस्त्रीचं टेबल धरलं ते धरलंच. मागच्या बाजूला, धुण्याकडे, ती पाय ठेवत नसे. लोकांना वाटे, बाईंना इस्त्रीची हौस दिसते. घरच्यांना खरं माहीत होतं. लहानपणी ती दगडाच्या खाणीत साचलेल्या पाण्यात पडली होती आणि आईने केसांना धरून तिला वर ओढलं होतं. त्यानंतर तिचं डोकं कधी पाण्याखाली गेलं नाही. केस धुवायचे तर भावजयीने तिची मान मागे धरायची आणि मगाने थोडं थोडं पाणी सोडायचं. ताई तेवढा वेळ डोळे घट्ट मिटून काहीतरी गुणगुणत राही. कारण त्या खाणीतलं तिला एकच आठवत होतं. पाणी गार होतं की गढूळ, ते नाही. आत आवाज नव्हता, एवढंच.

"वन्सं, तुमचे केस धुणं म्हणजे मांजराला आंघोळ घालणं," भावजय म्हणायची. "फक्त मांजर ओरबाडतं, तुम्ही गाता."

धाकटाही आत्ता गात होता. पँट गुडघ्यांपर्यंत दुमडून, हातात ब्रश घेऊन. उद्याचं प्रवचन तो असाच तयार करी. दोन वाक्यं बोलायची, तिसरं गायचं, आणि गायलेलं मंडळीने उचलायचं. त्याचा आवाज काही फार गोड नव्हता. पण तो गाऊन सांगायचा तेव्हा ऐकणाऱ्याला वाटे, देव शेजारच्याच खोलीत आहे आणि दार लोटलेलं आहे. ताई पहिल्या रांगेत बसून त्याच्या ओळी उचलायची. तेवढं एक तिला येत होतं आणि तेवढ्यावर ती जगत होती असं म्हटलं तरी चालेल.

"अरे," ती टेबलावरूनच म्हणाली, "हौद थोडा कमी भरला तर?"

"कमी पाण्यात माणूस बुडत नाही, ताई."

"तेच म्हणतेय मी."

तो हसला. पण तिच्याकडे न पाहता हसला आणि ब्रश जास्त जोराने चालवू लागला.

रविवारी टेबलं भिंतीला सरकवून मंडळी त्याच इस्त्रीच्या खोलीत जमायची. दारावर पाटी नव्हती. मंडळीला नाव नव्हतं, वर बिशप नव्हता, पगारी पाळक-पाद्री नव्हता. कुणी विचारलं, "तुम्ही कुठले?" तर धाकटा म्हणे, "प्रभूचे."

"ते झालं हो. पण कुठले?"

"लाँड्रीतले."

या लाँड्रीत गावातल्या सगळ्याच चर्चचे कपडे येत. ताईला पंथांचे भेद कळत ते कापडावरून. घंटावाल्या जुन्या चर्चचे झगे कडक खळीचे, घडी मोडली तर परत पाठवत. पुलापलीकडच्या चर्चचं टेबलक्लॉथ साधं, खळ लावलेली त्यांना दिखाऊ वाटे. घंटावाल्यांचे प्रभुभोजनातला पेला पुसायचे छोटे रुमाल आधी वेगळ्या पाण्यात बुचकळायचे आणि ते पाणी मोरीत न सोडता झाडाच्या मुळाशी ओतायचं, असा त्यांचा नेम. धाकटा त्यांच्यातून बाहेर पडलेला, पण हा नेम त्याने कधी मोडला नाही. भावजय एकदा म्हणाली, "तुम्ही तर हे मानत नाही ना?" तो म्हणाला, "मी मानत नाही. रुमाल त्यांचा आहे."

तो बाहेर पडला होता आईमुळे. आई एकदा आजारी शेजारणीबरोबर तिच्या चर्चमध्ये गेली आणि तिथली प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या स्मरणाने वाटतात ती, भाकर खाऊन आली. तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही, तिने सगळ्यांना सांगितलं. पुढच्या रविवारी घंटावाल्यांच्या तेव्हाच्या फादरांनी रांगेत तिला ओलांडून पुढच्या बाईला भाकर दिली. आई हात पुढे करून तशीच उभी राहिली. ताई आणि धाकटा मागच्या बाकावर होते. त्यानंतर काही वर्षांनी धाकट्याने आपल्या खोलीत पहिल्यांदा भाकर मोडली तेव्हा तो गायला होता, "ज्याचं घर, त्याचं ताट, तू कोण अडवणार वाट?"

त्यांच्याकडे भाकरीची रीत वेगळी होती. ताट हातोहात फिरे. आपल्या हाताने आपण घ्यायचं नाही. शेजाऱ्याने तुकडा मोडून द्यायचा, मग आपण ताट घेऊन त्याला मोडून द्यायचं, आणि ताट पुढे. म्हणजे कुणी कुणाचा धर्मगुरू नाही आणि प्रत्येक जण प्रत्येकाचा.

मग बॉयलरवाला आला. बॉयलर दुरुस्त करायला आला आणि गाणं ऐकून राहिला. दांडगा, बोलायला भाबडा माणूस. अनेक वर्षं दारूत गेलेला. कुठल्याशा गावी नदीत बाप्तिस्मा घेतला आणि तेव्हापासून थेंबाला शिवला नव्हता. त्याने एकदा सहज विचारलं, "दादा, तुम्हा सगळ्यांचा बाप्तिस्मा कधी झाला?"

"लहानपणी. कपाळावर पाणी शिंपडून."

"म्हणजे झालाच नाही की."

धाकट्याने बरेच दिवस बायबलमधलं वचन उघडून त्याच्यावर विचार केला. मग म्हणाला, याचं बरोबर आहे. जाणतेपणी विश्वास ठेवायचा आणि पूर्ण पाण्याखाली जायचं. तो स्वतः पहिला उतरला. मग भावजय, मग एकेक घर. हळूहळू असं झालं की जो उतरला नाही त्याच्याकडे ताट जाताना हात जरा अडखळू लागले. मग ठरलं, की या रविवारपासून भाकर उतरलेल्यांनाच. हा नियम कुणी केला असं विचारलं तर कुणालाच सांगता आलं नसतं. तो कुणी केला नव्हता. तो झाला होता.

उतरायची राहिली होती एकटी ताई.

दुपार कलताना घंटावाल्यांचे फादर स्वतःच कपडे न्यायला आले. हे नवे, आईच्या वेळचे नव्हेत. मऊ बोलणारे, सर्दी झालेले. ताईने झगे त्यांच्यापुढे ठेवले, दोरी बांधली, सोडली, पुन्हा बांधली.

"फादर, एक विचारू? धाकट्याला सांगू नका."

"विचारा."

"माझा बाप्तिस्मा तुमच्याकडे झालाय. कपाळावरचा. तो झालाय ना?"

"झालाय म्हणजे? झालाच आहे. तो पुसला जात नाही."

"मग मी उद्या त्यात उतरले तर?" तिने हौदाकडे बोट न दाखवता मान केली.

फादरांनी रुमालाने नाक पुसलं. त्यांनाही हा प्रश्न नको होता. "ताई, बाप्तिस्मा एकदाच. दुसऱ्यांदा घेणं म्हणजे देवाने पहिल्यांदा जे केलं ते खोटं होतं म्हणण्यासारखं. तुम्ही तसं मनात आणत नाही हे मला कळतं. पण... बरं नव्हे ते."

"आणि नाही उतरले, आणि तुमच्याकडे आले, तर मला भाकर द्याल?"

"आधी परत यावं लागेल. रीतसर. बिशपांना विचारावं लागेल."

"म्हणजे लगेच नाही."

"लगेच नाही."

"पुलापलीकडे?"

"त्यांचं मी कसं सांगू?" ते खिन्न हसले. "ते तर माझ्याच बाप्तिस्म्याबद्दल साशंक आहेत."

ते गेले. ताईने इस्त्री पुन्हा तापायला ठेवली आणि तिच्या लक्षात आलं की आपले हात गार पडलेत. आतापर्यंत भीती पाण्याची होती. आता तिला दुसरं तोंड फुटलं. बॉयलरवाला खरा असेल तर इतकी वर्षं तिने खाल्लेली प्रत्येक भाकर चोरीची होती. फादर खरे असतील तर उद्याचं उतरणं म्हणजे देवाच्या तोंडावर त्याला खोटं पाडणं. आणि दोघंही थोडे थोडे खरे असतील तर? दोघंही भली माणसं. दोघांच्याही डोळ्यांत तिच्याबद्दल काळजी होती. लबाड माणूस असता तर सोपं गेलं असतं.

संध्याकाळी भांडी आवरताना भावजय म्हणाली, "वन्सं, नाक धरायचं, डोळे मिटायचे, संपलं. मी तर आत गेले आणि बाहेर आले, मला कळलंसुद्धा नाही."

"तुला कळलंच नाही, तर मग झालं काय?"

भावजय ताट पुसता पुसता थांबली. "तुमचं हे असं असतं. माणूस धीर द्यायला येतो आणि स्वतःच घाबरून जातो." मग हळू आवाजात म्हणाली, "नका ना असं करू. उद्या ताट माझ्याकडे आलं आणि शेजारी तुम्ही असलात तर मी काय करायचं? मी तुम्हाला नाही म्हणणार होय? आणि हो म्हटलं तर यांच्या शब्दाबाहेर गेले."

म्हणजे तीही घाबरलेली होती. हे आधी ताईच्या लक्षात आलं नव्हतं.

रविवारी सकाळी हौद काठोकाठ भरलेला होता. मंडळी मागच्या बाजूला दाटीने उभी होती. बॉयलरवाल्याने पाण्यात दोन बादल्या गरम पाणी ओतलं होतं. "गार लागू नये म्हणून," तो तिला म्हणाला. त्याला फार आनंद झाला होता.

धाकटा छातीपर्यंत पाण्यात उभा राहून गाऊ लागला, "खाली जाई जुनं, वर येई नवं." मंडळीने ओळ उचलली. एरवी ती ताई उचलायची. आज तिच्या तोंडातून शब्द फुटेना.

पहिल्या पायरीवर घोटे भिजले. पुढच्या पायरीला कापड पोटऱ्यांना चिकटलं आणि तिला वाटलं, कुणीतरी खालून धरलंय. गुडघे. मांड्या. पोटाला पाणी लागलं तेव्हा श्वास आखडून वरच राहिला, खाली जाईना. ती मनात म्हणाली, हे तुझ्यासाठी करतेय. मग म्हणाली, खोटं बोलतेय मी. ताटासाठी करतेय. त्यांनी मला ओलांडू नये म्हणून करतेय. देवा, हे चालतं का? चालत नसलं तर आत्ताच सांग, कारण नंतर मला ऐकू येणार नाही.

धाकट्याने एक हात तिच्या पाठीला लावला आणि दुसऱ्याने तिची मनगटं धरली. "ताई, मागे झुक. मी आहे."

ती झुकली. छत दिसलं, वाळत घालायच्या दोऱ्या दिसल्या. मानेला पाणी लागलं. मग कानांत शिरलं, आणि गाणं गेलं.

नक्की काय केलं ते तिला नंतर आठवेना. तिने धाकट्याचा सदरा धरला, तो फाटला. तिची टाच त्याच्या गुडघ्यावर बसली. तोंडात पाणी गेलं. वरून बॉयलरवाला ओरडत होता, "दाबा, दादा! एक क्षण! कपाळच राहिलंय!" आणि पाठीवरचा हात सरला, छातीवर आला, आणि त्याने दाबलं. भावाने. खरंच दाबलं.

मग तो थांबला.

त्याने तिला उभं केलं. ती त्याच्या गळ्यात हात घालून ओकारी यावी तशी खोकत होती. गाणं तुटक तुटक होऊन बंद पडलं. धाकट्याचा चेहरा पांढराफटक झाला होता. त्याने तिला पायऱ्यांवरून वर आणलं, आणि लोकांनी वाट दिली. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही.

बॉयलरवाल्याने इस्त्रीच्या टेबलावरची एक कोरडी चादर ओढून तिच्या खांद्यांवर टाकली. तिला शेवटच्या बाकावर बसवलं आणि काय करावं न सुचून स्वतःही तिच्याशेजारी बसला. तिचे दात वाजत होते. ती वाट पाहत होती, कोणी काय म्हणतंय त्याची.

धाकटा ओल्या, फाटक्या सदऱ्यानेच टेबलापाशी उभा राहिला. त्याने गायला सुरुवात केली आणि सोडून दिली. मग नुसतं बोलला. त्याला असं नुसतं बोलताना मंडळीने क्वचितच ऐकलं होतं.

"कपाळ राहिलं," तो म्हणाला. "सगळ्यांनी पाहिलं. नियमाप्रमाणे तिला आज भाकर नाही. आणि मी तिला दाबत होतो. तिचं काळीज माझ्या हाताखाली उडत होतं, आणि मी मनात म्हणत होतो, हे प्रभूसाठी. मला अजून तोच हात जड वाटतोय. हा नियम मी मागे घेतो. मीच घातला असेल तर."

"दादा." बॉयलरवाला उठला नाही, बसूनच बोलला, आणि त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. "मग माझं काय?"

"तुमचं काय?"

"मी पाण्यात गेलो म्हणून वाचलो. त्याच्या आधीचा मी तुम्ही पाहिला नाही. बाटली दिसली की मी स्वतःला सांगतो, तू बुडवलंस त्याला, तो मेला. ताईंना ते पाणी लागत नाही असं आज तुम्ही म्हणालात, तर उद्या कोणी मला म्हणेल, तुलाही लागत नव्हतं. मग तो परत येईल." त्याने हात गुडघ्यांवर घट्ट दाबले होते. "मी भांडत नाहीये, दादा. मी घाबरलोय."

धाकट्याने भाकर उचलली, देवाचे उपकार मानले, ताटात ठेवली आणि म्हणाला, "मी कुणाला द्या म्हणणार नाही, नका देऊ असंही म्हणणार नाही. ताट फिरेल. ज्याच्या शेजारी जो आहे त्याने पाहावं."

ताट पहिल्या रांगेतून निघालं. तुकडा मोडल्याचा बारीक आवाज, मग पुढचा. ताई चादरीत आवळून बसली होती. उठून जावं असं तिला वाटत होतं, पण ती बसून राहिली. ताट दुसऱ्या रांगेत आलं. भावजयीने मागे वळून तिच्याकडे पाहिलं आणि पटकन मान फिरवली. ताट बॉयलरवाल्याच्या हातात आलं आणि तिथे थांबलं.

त्याच्या हाताला काजळी होती, धुऊनही न जाणारी. तो भाकरीकडे पाहत राहिला.

"मी चुकलो तर?" तो तिच्यापुरतं म्हणाला.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. दात अजून वाजत होते, शब्द तुटून येत होते. "फादर म्हणतात माझं झालंय. तुम्ही म्हणता नाही झालं. मी आत्ता पाण्यात देवाला विचारलं, काही ऐकू आलं नाही."

"मग तुम्ही कशाच्या आधाराने बसलाय इथे?"

तिने विचार केला. खरं तेच सांगायचं होतं, आणि खरं फारच थोडं होतं. "तुम्हाला त्या पाण्याने धरून ठेवलंय, ते मी नाही म्हणत नाही. ते तसंच राहू द्या, कुणाला हात लावू देऊ नका. मला कशाने धरलंय ते मला सांगता येत नाही. पण सुटले नाही अजून. आत्ता तिथे सुटायला हवी होते. सगळंच सुटलं होतं, श्वाससुद्धा." तिला पुन्हा खोकला आला. "द्यायचं नसेल तर ताट पुढे करा हो. पण मला ओलांडून नका देऊ. माझ्या हातात द्या, मी पुढे देईन."

पुढच्या रांगेतल्या कोणी मागे पाहिलं नाही, पण सगळ्यांच्या माना ताठ होत्या. मग त्याने भाकर मोडली. अंदाज चुकून तुकडा भलताच मोठा आला, चांगला मुठीएवढा. त्याने तो तिच्या हातावर ठेवला आणि हात झटकन मागे घेतला, इस्त्रीला लागल्यासारखा.

आता रीतीप्रमाणे ताट तिच्याकडे आलं. आता तिने त्याला मोडून द्यायची होती. हे मात्र तिच्या ध्यानात आलं नव्हतं. न बुडालेल्या हातातून तो घेईल का? आणि तिने पाहिलं तेव्हा तिला कळलं, त्यालाही नेमकं हेच वाटतंय. आपण आत्ताच हिला धरून दाबायला सांगत होतो, ती आपल्याला देईल का.

तिने तुकडा मोडला आणि त्याच्यापुढे धरला. त्याने तो घेतला.

दोघंही तुकडे हातात धरून बसले. कोणी तोंडात घालेना. काठावर उभी राहून, गार पाण्यात आधी कोण उतरतं ते पाहणाऱ्या पोरांसारखे ते एकमेकांकडे बघत राहिले.

मग ताईने आधी खाल्लं.